विनातिकीट

एकतीस वर्षं मी उभा होतो
आणि चालत मात्र नव्हतो.
डिचोली, मये, तिखाजन, चोडणचा धक्का,
धक्क्यावरून माघारी डिचोली.
चाकं फिरायची, मी दांड्याला टेकलेला,
खांद्याला चामड्याची पिशवी, कानामागे पेन,
तोंडात एकच आरोळी:
फुडें सर रे, जागो आसा!

निवृत्त झालो, पिशवी जमा केली,
पाय तेवढे घरी आणले.
पोटऱ्यांवर निळ्या नसा,
कुणी सगळे रूट काढून ठेवावेत तशा.
दोन वर्षं सोप्यावर बसून काढली.
साखर गेली दोनशे अठरावर.
डॉक्टर ल्युसिंडांनी आधी कागद बघितला,
मग माझ्या चपलांचे तळ.
"पुंडलीकबाब, गोळी वाढवते,
पण गोळीला पाय नसतात."

पहिल्या दिवशी एकच थांबा.
देवळापासून वडापर्यंत,
माझ्या वेळचं सव्वा रुपयाचं अंतर.
पारावर असा टेकलो
जणू बेळगावहून पायी आलोय.
इनास रेंदेर सायकल थांबवून म्हणाला,
"कितें, बस चुकली?"
म्हटलं, "चुकली. एकतीस वर्षं झाली."

मला थांबे पाठ होते.
दोन थांब्यांच्या मधलं काही ठाऊक नव्हतं.
मधे एक झर आहे, मे महिन्यातही बारीक वाहणारी.
एका गडग्यावर कोकमं सुकत असतात,
त्यांच्या वासानं जिभेला पाणी सुटतं.
खाजनाच्या बांधावर मानस आहे,
भरती चढली की तिचं दार आपसूक मिटतं,
कुणी घंटी मारावी लागत नाही.
आणि एक कुत्रं. आठ दिवस भुंकलं,
नवव्या दिवसापासून
अर्ध्या वाटेपर्यंत सोडायला येतं.

तिसऱ्या महिन्यात पट्ट्याला नवं भोक पाडलं,
तिकिटं टोचायच्या चिमट्यानं.
(तो जमा करायचा राहिला होता. राहू दे.)
रात्री पायात गोळे येत, ते थांबले.
झोप येते, न बोलावता.
साखर एकशे बत्तीस.
डॉक्टरांनी गोळी अर्धी केली
आणि चपला पुन्हा बघितल्या.

एक हिशेब मात्र बाकी होता.
साल ब्याण्णव, एप्रिल, दुपार.
मथुराबाय, डोक्यावर खुब्यांचा पांटलो,
पन्नास पैसे कमी.
कडक होतो मी.
तिखाजनला घंटी मारली, उतरवलं.

तेवढं अंतर परवा चाललो, मोजत.
दोन हजार आठशे सोळा पावलं.
माझ्या डोक्यावर काही नव्हतं,
तरी शेवटच्या चढाला थांबावं लागलं.

ती अंगणात होती, पंच्याऐंशीची, ताठ,
विहिरीवरून कळशी आणत.
मी सगळं सांगितलं.
"तू एकटो न्हय रे," ती म्हणाली,
"अर्ध्या बशींनी मला उतरवलं.
म्हणून तर पाय उरले."
ती हसली.
मला हसू आलं नाही.
तिनं तांब्याभर पाणी दिलं, ते प्यालो.

पन्नास पैसे आता कुठंच चालत नाहीत.
मी चालतो.
रोज, तिखाजनपासून तिच्या दारापर्यंत,
तिची कळशी आत ठेवतो, परत फिरतो.

वाटेत सोप्यांवर माझ्याच वयाचे दिसतात,
वर्तमानपत्रामागे, पोटावर हात ठेवून.
जुनी सवय, तोंड गप्प राहत नाही:
फुडें सर रे, जागो आसा!
काल दोघे उठले.
एक माझ्याबरोबर वडापर्यंत आला.
दुसरा चपला शोधायला आत गेलाय,
अजून शोधतोय.