कानावरची खूण

आज चर्चचा कारभारी एक गाय बांधून गेला.
म्हणाला, टॅम्झिन, पॅरिशच्या गरिबांत तुझं नाव आहे,
हिवाळाभर दूध तुझं, मग लिलाव.
गुलामांनी जनावरं पाळायची नाहीत, असं ठरलंय आता.
मी कासेला हात लावण्याआधी कान चाचपले.
डावा, पाकोळीच्या शेपटीसारखा दुभंगलेला.
उजव्याला खालून एक चीर.

मेन्सिया,
ही खूण तू माझ्यासमोर लिहवून घेतली होतीस
खाडीपलीकडच्या कचेरीत, कारकुनाला दोन कोंबड्या देऊन.
त्यानं विचारलं, नाव? तू सांगितलंस.
त्यानं विचारलं, जनावर? तू म्हणालीस, एक कालवड.
तिसरा रकाना त्याच्या वहीत तेव्हा नव्हता.

मी डेव्हनची, सात वर्षांच्या करारावर आलेली.
तू लुआंडाची, कागदाशिवाय.
मक्याच्या उखळाला काय त्याचं?
तुझं मुसळ खाली, माझं वर,
माझं खाली, तुझं वर,
ताल चुकला तर बोटं दोघींची.
तंबाखूच्या चिकानं संध्याकाळी
माझे हात कोपरापर्यंत काळे व्हायचे
आणि तू हसायचीस,
बघ, अर्धी तर झालीस!

माझं पोर गेलं त्या आठवड्यात
तू तापानं फणफणलेली.
तुझ्या लुझियाला मी पाजलं, अकरा दिवस.
ते कुठल्याच वहीत नाही.
पोर झालं म्हणून माझ्या करारात
एक वर्ष वाढवलं, ते आहे.

मग डिसेंबरात चर्चच्या दाराशी वाचून दाखवलं,
मूल आईच्या वाटेनं जाईल.
आई बांधलेली, तर मूल बांधलेलं.
मला वाटलं, बरं झालं,
पोर आईजवळच राहणार.
तू माझ्याकडे पाहिलंस.
मी इतकी वर्षं तो चेहरा नीट आठवू नये
याची काळजी घेतली आहे.

माझी मुदत भरली.
तीन पिंपं मका मिळाला, एक घागरा,
आणि एक कुदळ, दांडा तडकलेली.
तू मालकाला विचारलंस, माझी किती वर्षं झाली?
तो बूट झटकत राहिला.
मी बोचकं बांधत होते. गाठ पक्की होती,
तरी पुन्हा बांधली.

पिंपं बनवणाऱ्याशी लग्न केलं मी. तेही गेलं सरून.
सुरुवातीला वाटेत भेटलीस की मी थांबायचे.
पुढे नुसता हात.
पुढे मान.
एका वर्षी शेजारीण बरोबर होती
तेव्हा मी गाडीचं चाक बघत राहिले,
जणू त्यात काही बिघडलं होतं.
असं कर, म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं, मेन्सिया.
कायदा मागून आला.
वाट काही कुणी बुजवत नाही,
पाय थांबले की गवतच येतं.

तू गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं,
मीठ घ्यायला गेले तेव्हा, कुणाच्या तरी बोलण्यात.

आज तिन्हीसांजेला कुंपणापाशी बाई उभी होती.
केस पांढरे. आधी वाटलं, तूच.
लुझिया. पन्नाशीला आली की गं ती.
ती माझ्याशी बोलली नाही.
गाईला तिनं एक शब्द घातला,
तुझा, तिकडचा, ज्याचा अर्थ मी कधी विचारला नाही,
पण तू कालवडीला तसंच हाकारायचीस.
गाईनं दोन्ही कान टवकारले,
दुभंगलेला आणि चिरलेला,
आणि दावं ताणलं.

गाठ माझ्या हाताशी होती.
मोजून सांगते, दोन बोटांवर.

लुझिया उभी राहिली अंधार पडेपर्यंत.
मग तिची पावलं, सुक्या मक्याच्या ताटांतून.
मी बादली उचलून आत आणली.
दूध अजून कोमट आहे.
वर साय धरू लागली आहे.