कर्कटक

नातवाच्या कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं,
टोक रोवलं माझ्या स्वयंपाकघरावर,
आणि पाच किलोमीटरचं वर्तुळ काढलं.
आधी दोनाचं होतं.
मे महिन्यात डब्लिनच्या सरकारने दोनाचे पाच केले
तेव्हा मुलगी फोनवर म्हणाली, घे, पगारवाढ झाली तुझी.

अठ्ठावीस वर्षं या मेयोच्या किनाऱ्यावर टपाल वाटलं,
दिवसाला ऐंशी किलोमीटर, वाटेतल्या कुत्र्यांसकट.
आता माझ्या वाट्याला: एक पेट्रोल पंप,
कुलूपबंद शाळा, दगडाची जुनी खाण,
आणि अर्धं वर्तुळ नुसता समुद्र,
जिथे जायला बंदी नव्हती, फक्त पाणी होतं.
बाहेर राहिलं ते पाणथळ कुरण,
जिथे दर मे महिन्यात कॉर्नक्रेक येतो.
रेषेपासून तीनशे मीटर.
मी फूटपट्टीने तीनदा मोजलं.

कुरण खाडीपलीकडच्या कोलमन पॅडनला गेलं.
त्यानेही वर्तुळ काढलं होतं, चहाच्या बशीने, चोर कुठला.
त्याचं आणि माझं एकमेकांवर चढलं तिथे
नकाशावर मसुरीच्या दाण्याएवढी जागा निघाली:
दफनभूमीची मागची भिंत, निम्मं तळं,
कापून वाळत घातलेलं पीट.
दर मंगळवारी आम्ही त्या दाण्यात भेटायचो,
मध्ये मेंढ्यांचं फाटक, दोन दुर्बिणी, दोन थर्मास.

पाहिलं काय? धोबी. पुन्हा धोबी.
क्रॉसवर बसलेलं डोमकावळ्यांचं जोडपं.
चाळीस वर्षं मी धोबी फक्त यादीत खूण करण्यापुरता पाहिला होता.
त्या मे महिन्यात मला कळलं,
शेपटी हलवायचं तो कधीतरी थांबतो.
थांबतो, आणि आपण पकडले गेलो असं बघतो.

नाक्यावर लाव्हेलांचा धाकटा पोलिसात लागलेला,
त्याचं नेमणुकीचं पत्र मीच टाकलं होतं दारात.
कुठे निघालात, त्याने विचारलं, अगदी अहोजाहो.
पक्षी बघायला, म्हटलं.
त्याने वहीत लिहिलं: व्यायाम.

सत्तावीस तारखेला रात्री साडेअकराला फोन वाजला.
या वयात अशा वेळी वाजला की आधी भिंत धरावी लागते.
कोलमन काही बोलला नाही. श्वास, वारा,
आणि मग कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तसं
क्रेक क्रेक. क्रेक क्रेक.

तो आफ्रिकेतून आला, त्याला कुणी अडवलं नाही,
असलं तेव्हा सगळेच लिहीत होते. मला ते सुचलं नाही.
मला वाटलं, हा म्हातारा मफलर न घालता ओल्या गवतात उभा आहे.

मोजला, मी म्हटलं.
फोनवरचा मोजत नाहीत, कोलमन म्हणाला.
आपला नियम काय, पाहणारा रेषेच्या आत हवा,
पक्षी कुठेही असो. मी आत आहे. खुर्चीत आहे.
कान रेषेबाहेर काढलास, तो म्हणाला.
वीस मिनिटं भांडलो. पक्षी मागे चालूच.

मग मी नाइटगाउनवर जाकीट चढवलं, बूट घातले,
आणि रस्ता जिथे रेषेला कापतो तिथे,
गुरांच्या लोखंडी जाळीपाशी, जाऊन उभी राहिले.
वारा समुद्रावरून. दोन वाजले.
एकदा वारा पडला, आणि काहीतरी वाजलं.
दोनदा. कोरडं.
जाकिटाची चेन असेल.
हात खिशातच होते माझे, तरी असेल.

जूनमध्ये रेषा उठली. तीन रात्री कुरणावर गेले.
कोलमनने माझ्यासाठी खुर्ची आणली होती,
बिस्किटं, घोंगडी. गवत छातीपर्यंत.
पक्षी गप्प, की पुढे गेलेला.

कोलमनच्या यादीत तो शाईत आहे.
माझ्या यादीत शिसपेन्सिलीत, प्रश्नचिन्हासकट.
कोलमन अजून चहाला आला
की आधी वही मागतो, आणि
खिशातून खोडरबर काढून टेबलावर ठेवतो.
वापरत नाही.