पायाखालचं माप

वणीच्या नाक्यावर, नझीमोद्दीनच्या दुकानात
मॅटांची चळत पार छताला टेकलेली.
मखमली काढली त्यानं, मग केसाळ, मग ती चौकड्यांची सेवन-डी.
"घ्या म्याडम, सोफ्यावानी वाटते पायाले."
मी म्हटलं, माझ्या सोफ्यावर
कधी पाणमोट फुटत नाही.
तो थांबला. मग विचारलं, "गाडी कोनती?"

गाडी बाहेर. वनखात्याच्या लिलावातली जिप्सी,
हिरव्या रंगाखाली अजून एक हिरवा.
मागं नायट्रोजनचं भांडं, कासरे, गमबूट,
आणि पुढं पायाशी युरियाचं रिकामं पोतं
दर बुधवारी बदलायचं.
नझीमोद्दीननं ते उचलून पाहिलं,
नाकाला रुमाल लावला नाही, हे मला आवडलं.
"इचं माप आता कोनीच नाही काढत."

काळी माती काही सांडत नाही, ती चढते.
बुटाला माती, त्या मातीला दुसरी माती,
गोठ्यापासून गाडीपर्यंत मी चार बोटं उंच होते.
पोत्यावर पाय घसरतो तेव्हा क्लचही घसरतो,
आणि मुकुटबनच्या वाटेवर कोळशाचे ट्रक
कुणासाठी कडेला होत नाहीत.

उपाय सांगितला टेकामनं, माझ्या पट्टीबंधकानं,
सुईत औषध भरता भरता:
"गाईची घ्या ना, म्याडम. गोठ्यातली."

सूर्यभान झाड्यांकडे आठ मॅटा होत्या, गाई सात.
आठवी यायची होती हरियाणातून,
पैसेही दिले होते, ती आलीच नाही.
तिची मॅट गुंडाळून ठेवलेली, वरची धूळसुद्धा नीट बसलेली.
जाड काळं रबर, अंगावर खाचा,
गाय बसता-उठता गुडघे फुटू नयेत म्हणून.
पैसे घेईनात. शेवटी दोन रेतनांवर जमलं.

मग माप.
जुने पेपर चिकटपट्टीनं जोडले,
गिअरच्या उंचवट्यावर दाबले, कोपऱ्यात बोटानं कुरकुरीत घडी.
जनावरांच्या जखमेला लावतो त्या जांभळ्या औषधानं रेघ मारली,
आणि खुरं तासायच्या विळीनं कापायला बसलो
ओसरीवर, टेकाम आणि मी, दुपारभर.
रबर उन्हात मऊ पडतं, पण मान्य करत नाही.
माझ्या बोटांवर आठवडाभर जांभळं राहिलं.

पहिल्या खेपेला ॲक्सिलरेटर तिच्यात अडकला,
गाडी जागेवरच हंबरली.
टेकाम म्हणे, "ही तं माजावर आली."
हसू आवरून किल्ली फिरवली, घाम पुसला,
पेडलखालचा काठ तिरका तासला, अजून एक बोट,
अजून थोडा.
मॅट पुढं सरकू नये म्हणून सीटच्या दांड्याला
दोन नटबोल्ट. वायसर नव्हते,
इंजेक्शनच्या बाटल्यांची पत्र्याची टोपणं चालली.

आणि कार्पेट उपटल्यावर सापडलेलं ते बूच!
गाडीच्या तळाला रबराचं बूच, रुपयाएवढं,
पाणी जाण्यासाठी, कारखान्यातूनच दिलेलं.
सहा वर्षं मी पोती बदलत होते
आणि वाट पायाखालीच होती.
कुणाला सांगितलं नाही. टेकामला माहीत आहे.

उरलेला तुकडा मागं टाकला, भांड्याशेजारी.
विचार न करता, वाया जाऊ नये म्हणून.

परवा पोडावरून एक कालवड आणली,
तीन दिवसांची, जुलाबानं पार गळालेली.
सलाईनची बाटली टेकामनं टपाच्या दांडीला बांधली,
नाल्यात गाडी फोर-बाय-फोरला घातली,
दगडावरून दगडावर.
आरशात पाहते तर
ती उभी.
चारी पाय चार दिशांना, खाचांत खुरं रुतवून,
एकदाही न घसरता.

मी गाडी हळू केली.
दवाखान्यात पोचल्यावर बूच काढलं, बादलीभर पाणी ओतलं.
खालून निघालं ते काळं, पिवळं,
मग बराच वेळ नुसतं गढूळ.