तिमाही अहवाल, सूर

गुरुवारी दोनच्या आत
मस्कतला आकडे गेले पाहिजेत:
किती कॉल लागले, किती मध्येच तुटले,
रास अल हद्दचा टॉवर किती मिनिटं मुका होता
आणि का.

'का'च्या रकान्यात मी लिहितो, वाळू.
फय्याज परकार मागून वाकून बघतो,
"धूळ लिही रे. वाळूला कोड नाही."

शून्य सेकंदांच्या ओळी
नियमाप्रमाणे गाळायच्या.
त्यांत एक रोजची, रात्री साडेनऊची.
दोन रिंगा, मग कट.
म्हणजे, जेवलो.
दापोलीहून एक रिंग:
बरं.

अकरा वर्षं असंच बोलतोय आम्ही, फुकटात.
सरकारदरबारी
मी घरी कधी फोनच केलेला नाही.

खाली सही करतो, अचूक असल्याची.
स्टेपलर पुन्हा फय्याजनं नेलाय.