पान एकशे तेरा

अमळनेर कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
पानाला दीड रुपया, पाठपोट दोन.
कुणाल सैंदाणे आला तेव्हा हातात यादी:
पटकथा शिकायची सात पुस्तकं, पुढे किमती,
सहा किमतींवर काट.
सातवं पुण्याच्या मित्राचं, दोन दिवसांच्या बोलीवर.
"ताई, आजच जोयजे. रातनी ट्रॅव्हल्समा परत धाडनं शे."

मे महिना. मशीन तापलेलं, मीही.
झाकण उघड, पान उलट, झाकण पाड.
हिरवा उजेड या टोकापासून त्या टोकाला,
कुणी दारातून डोकावून
कामाचं माणूस नाही म्हणून निघून जावं तसा.
मधेच भावसार वकिलांचा पोऱ्या,
"पंचनाम्याची प्रत, साहेब उभे आहेत."
लाइट गेली. आली.
ट्रेमधली पानं जुळवली, स्पायरल मारलं,
वर निळं प्लास्टिक.
वाचत कोण बसतं?

आठ दिवसांनी पुन्हा दारात.
म्हटलं, आता भांडणार.
"ताई, पान एकशे तेरा कोनी लिखेल शे?"

सदर घर पूर्वाभिमुख. दाराला कुलूप नाही.
चुलीवर तवा, तव्यावर एक भाकर, एका अंगाने जळालेली.
परातीत कळण्याचं पीठ, त्यात बोटांचे ठसे.
दोरीवर शाळेचा शर्ट, ओला.
उंबऱ्याबाहेर चपला तीन.
याखेरीज पंचांना काही दिसून आले नाही.

खाली धुडकू भिला, डाव्या हाताचा अंगठा.
शेजारी हवालदार बिऱ्हाडे यांची सही, घाईतली.

कुणाल सांगत होता,
एकशे बारा पानं तो गोरा मास्तर घसा कोरडा करतोय,
दिसेल तेवढंच लिहा, ऐकू येईल तेवढंच लिहा,
मन कॅमेऱ्यात मावत नाही.
डोक्यात काही शिरेना.
"आन मंग हाई पान. रातभर मी
ती तिसरी चप्पलना जोड धुंडत व्हतू."

खरं एकशे तेरा कुठंय, मी बोलले नाही.
ते कोर्टात, भावसारांच्या अर्जाला टाचलेलं.
इंग्रजीत तिथं म्हटलंय,
इथवर आल्यावर नायकाजवळ काहीही उरता कामा नये.
पुढची तारीख पडली.
कुणी हरकत घेतली नाही म्हणे.

दीड रुपया परत देऊ लागले, घेतला नाही.
बिऱ्हाड्यांची बदली झालीय,
शिंदखेड्याला की दोंडाईच्याला.
सोमवारच्या एसटीने हा निघालाय त्यांना गाठायला,
सोबत वही, शेंगदाण्याची पुडी,
आणि यादी, जिच्यावर आता आठवं नाव आहे,
किंमत न लिहिलेलं.

वाचत कोण बसतं, असं मघाशी म्हणाले, ते खोटं.
इंग्रजी असलं तर डोळा घसरत जातो,
मराठी असलं की अडकतो.
पंचनाम्याला दुसरं पान होतं.
त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
चपलेचा जोड त्या पानावर सापडतो,
चौथ्या ओळीत,
विहिरीपासून अकरा पावलं.