साडेचार किलोमीटर

देवास नाक्यावरून निघायचं,
सत्यसाई चौराह्यावर वळायचं, परत.
टेस्ट ड्राइव्हचा रस्ता साडेचार किलोमीटर.
नऊ वर्षांत मी पुष्कळ फिरलो,
गाव एकही आलं नाही.

डिलिव्हरीआधी सीटवरचं प्लास्टिक कुणाला काढू देत नाही मी.
मग नारळ, चाकाखाली लिंबू,
आणि सियागंजचा किराणावाला म्हणतो,
"भिया, मॅट तो फ्री में डाल दो."
घालतो. माझ्या इन्सेंटिव्हमधून.
फोटोत पुठ्ठ्याची ती भलीमोठी किल्ली
मीही धरतो, एका कोपऱ्याने.

खासगीवाले बाई महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी येतात.
लायसन्स न मागता टेबलावर ठेवतात,
आरसा आपल्या उंचीला लावतात
आणि चाळीसच्या वर जात नाहीत.
"क्लच किती हलका हो!"
दरवेळी नव्याने.
ह्यांची फियाट विकल्याचं एकदाच बोलल्या,
केवढ्याला गेली ते नाही.

चहा. बिस्किट एकच.
कोटेशनची चार घड्या करून पर्समध्ये,
आधीच्यांच्या शेजारी.

बत्रासाहेब म्हणतात, "नाम काट दे यार, टाइमपास है."
खरंय. आज एकोणतीस तारीख,
टार्गेटला दोन गाड्या कमी,
आणि माझी स्कूटर पार्किंगमध्ये
दहाव्या किकला सुरू होते.

रजिस्टरात तीन रकाने: हॉट, वॉर्म, कोल्ड.
पेन सुकलंय, झटकतो,
वॉर्मखाली नाव उतरवतो
आणि बाजूला, बारीक अक्षरात:
मंगळवारी पांढरी धुऊन ठेवणे.
सीट पुढे.