टोचल्या मिठाला

साउदॅम्प्टन, सप्टेंबर. बंदरावरचा वारा
खिडकीच्या फटीत बोट घालून बसलेला.
फरशीवर पिवळी चिकटपट्टी, खुर्च्या लांब लांब.
डेस्मंड पर्किस, वय एकाहत्तर,
सही करण्याआधी सव्वीसच्या सव्वीस पानं वाचणारा
माझा पहिलाच माणूस.

सिरिंजवर कागद गुंडाळलेला.
आत लस, की नुसतं मिठाचं पाणी,
त्याला ठाऊक नाही, मलाही नाही;
ठाऊक फक्त पलीकडच्या कुलुपबंद खोलीला.
आंधळी कोशिंबीरच ही,
फक्त राज्य कुणावर आलंय
ते कुणी सांगत नाही.

वही त्याने नेमाने भरली.
ताप नाही. दंड जरासा दुखरा. लीकची रोपं लावली.
शुक्रवारी: मॉरीनला होमच्या खिडकीतून पाहिलं.
तिने हात हलवला,
बहुतेक माझ्यामागच्या कबुतराला.

मग आम्ही वाट पाहू लागलो.
कशाची, ते मोठ्याने कुणी म्हणत नव्हतं.
निकाल लागायला माणसं आजारी पडावी लागतात,
आणि पुरेशी पडेपर्यंत
आलेखावरच्या दोन रेघा एकमेकींना बिलगून चालतात.
घरी कुकर लावताना मनात यायचं,
आज किती झाले?
आणि लगेच वाफेचा हात बसल्यासारखं व्हायचं.
लसीची टोचणी दंडात दोन दिवस राहते.
ही अजून आहे.

नोव्हेंबरात त्याचा फोन.
"तव्यावर हेरिंग आहे आणि वासच येत नाहीये.
असं काही झालं तर कळवा म्हणाला होतात."
आवाज ओशाळलेला,
जणू आमची बरणी त्याच्या हातून फुटली.
नऊ दिवस ऑक्सिजन.
कुठेतरी एक रेघ
एका माणसाएवढी वर सरकली.

जानेवारीत डोळ्यांवरची पट्टी सुटली.
त्याच्या नावापुढे: मीठ.
मी सांगितलं. तो हसला, हसताना खोकला:
"चौतीस वर्षं वाइट बेटाच्या फेरीबोटीवर काढली,
आणि तुम्हीही मला खारं पाणीच दिलंत!"

शर्टाची बाही आता ढिली झालेली.
खरी लस टोचून कापूस दाबून धरला तेव्हा
सांगावंसं वाटलं, आमच्यात
खाल्ल्या मिठाला जागतात म्हणतात.
इंग्रजीत ते काही जुळेना.
म्हटलं, पंधरा मिनिटं बसा.

तो बसला.
खाली पाण्यात फेरीबोट वळत होती.
त्याने मनगट वर करून घड्याळ पाहिलं.
"चार मिनिटं उशीर," म्हणाला.